गाळपेऱ्यातले हंस आणि माझी पाटी

"मॅडम, एकूण किती?" साहेबांनी फोनवर विचारलं.

"चौदा. आणि तीन जिवंत आहेत."

"जिवंतांचं राहू द्या. मेलेल्यांचं बोला. बर्ड फ्लू वाटतोय का?"

मी पोटरीभर गाळात उभी होते. अंगावर पांढरा पीपीई किट, तोंडावर मास्क, हातात दोन-दोन ग्लोव्ह्ज. डिसेंबरची सकाळ, नऊ वाजले असतील. काठावरची माणसं स्वेटर घालून उभी होती आणि मी त्या प्लास्टिकच्या पोशाखात घामाने निथळत होते. समोर पाण्याच्या कडेला चौदा हंस पडले होते. कुणाची मान मुडपलेली, कुणाचे पंख अर्धे उघडे. ते हंस माझे होते, असं मी तेव्हा मनातल्या मनात धरूनच चालले होते. त्यामुळे रागही येत होता आणि रडूही.

"आत्ताच सांगता येत नाही, सर," मी म्हटलं.

"सांगता येत नाही म्हणजे संशयित. मी वर कळवतो. टीम उद्या येईल. तोपर्यंत गावातल्या कोंबड्यांची यादी करा आणि त्या तलावात एकही जनावर उतरू देऊ नका."

मी पशुवैद्यक आहे. माहेर सेलूचं आणि नोकरीची बहुतेक वर्षं परभणी जिल्ह्यातच गेली. ही गोष्ट पालम तालुक्यात होते तेव्हाची. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की रविवारी मोटारी भरभरून माणसं जातात आणि पक्ष्यांच्या मागे मोबाईल घेऊन पळतात.

समुद्र आमच्यापासून एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. पण किनारा आम्हालाही आहे, आणि तो कोकणातल्यासारखा एका जागी बसून राहत नाही. पावसाळा संपताना पाणी बाभळींच्या कमरेपर्यंत चढलेलं असतं, त्या बाभळींवर बगळ्यांची आणि पाणकावळ्यांची घरटी. दिवाळीनंतर पाणी मागे सरकायला लागतं आणि रोज वावभर, म्हणजे चार हात, नवीन गाळ उघडा पडतो. त्या गाळात शेकाट्या लांब लाल पायांनी चालतात, धोबी पक्षी शेपटी हलवत किडे टिपतात. डिसेंबरात हिमालय ओलांडून हंस येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस, पुस्तकात त्यांना पट्टकादंब म्हणतात. गावात पाण्यावर बसणाऱ्या सगळ्यांनाच बदकं म्हणतात. मार्चमध्ये हंस गेले की उघड्या बेटांवर नदी सुरय अंडी घालतात. मे महिन्यात गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांशेजारी पाणभिंगऱ्यांची मातीच्या रंगाची पिल्लं बसलेली असतात, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. हे सगळं मी नोकरी करता करता पाहिलं. गाय तपासायला जायचं आणि येताना अर्धा तास काठावर बसायचं, असा माझा नेम होता.

या नेमातूनच मागच्या हिवाळ्यात मी एक पराक्रम केला होता. धनगरांच्या मेंढ्या तलावाच्या पोटात शिरल्या की हंस उडायचे. थव्याच्या थवा उठायचा, पाण्यावर दोन चकरा मारून लांब जाऊन बसायचा. मला ते बघवेना. मी तलावाच्या कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिलं. पक्ष्यांना होणारा त्रास, रोगांचा धोका, सगळं मुद्देसूद. पत्र इतकं चांगलं उतरलं होतं की त्यांनी मार्चमध्ये पाटीच लावली. "पक्षी विश्रांतीस्थान. शेळ्या-मेंढ्यांना सक्त मनाई." त्या पाटीशेजारी उभं राहून मी फोटो काढून घेतला होता. तो बरेच दिवस माझा डीपी होता.

त्याच पाटीच्या खाली आता चौदा हंस मरून पडले होते.

पहिलं काम सॅम्पलचं. आमचे ड्रेसर मुंजाजीमामा माझ्याहून अनुभवी. ड्रेसर म्हणजे दवाखान्यात मलमपट्टी करणारे, पण खरं तर निम्मा दवाखाना तेच चालवतात. त्यांनी आईसबॉक्स उघडून ठेवला. मी पक्ष्यांच्या घशातले आणि गुदद्वारातले स्वॅब घेतले. दोन अख्खे पक्षी दुहेरी पिशवीत बांधले. बर्ड फ्लूचा संशय असला की मेलेला पक्षी जागेवर उघडून बघायचा नसतो, रोग असलाच तर आपणच पसरवतो. तो जसाच्या तसा प्रयोगशाळेत जातो. रिपोर्ट यायला चार-पाच दिवस लागतात.

"चार दिवसांत इथं एक बी ऱ्हात न्हाई, मॅडम," मामा म्हणाले आणि पाण्याकडे बोट केलं. मधल्या बेटावर थव्यातले उरलेले हंस बसले होते. सव्वाशे-दीडशे असतील. हंस पहाटे आणि दिवस मावळताना चरायला काठावर येतात, दुपारभर पाण्यावर असतात. म्हणजे माझ्याकडे संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

तेवढ्यात काठावरून कुणीतरी ओरडलं की गयाबाई कोंबड्या घेऊन निघाली.

गयाबाई म्हणजे बिराजी धनगराची बायको. तलावाच्या अंगाला त्यांचं शेवटचं घर. गावठी कोंबड्यांचा तिचा कारभार मोठा होता आणि तो सगळा तिचा एकटीचा होता. मी किट उतरवून, हातपाय धुऊन, कपडे बदलून फाट्यावर गेले. ती एसटीची वाट बघत बसलेली. पायाशी दोन पिशव्या, पिशव्यांतून माना बाहेर.

"कुठं निघालात, गयाबाई?"

"माहेराला. झरीला."

"कोंबड्याही माहेराला?"

तिने पदर सावरला. "तुमी पांढरे कपडे घालून आल्या की गावातल्या समद्या कोंबड्या खड्ड्यात घालत्यात, असं म्हणायलेत लोक. मी कामून ठिऊ?"

तिचं अगदीच चूक नव्हतं. रोग ठरला तर आसपासच्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागतात. पण रोग असलाच तर कोंबड्या एसटीत घालून झरीला नेणं म्हणजे तो तिकडे पोचवणं. मी तिला ते समजावून सांगितलं. ती ऐकेना. शेवटी मी जे बोलायला नको होतं ते बोलले. "गयाबाई, परत चला. तुमच्या एकाही कोंबडीला हात लागणार नाही. माझा शब्द."

ती उठली. पिशव्या उचलल्या आणि घराकडे निघाली. शब्द देऊन झाला आणि हातात पुरावा काहीच नव्हता. पण डोक्यात एक गोष्ट सकाळपासून टोचत होती. मेले ते फक्त हंस. किडे टिपणाऱ्या शेकाट्या ठणठणीत, मासे खाणारे बगळे ठणठणीत, धोबी शेपट्या हलवत फिरत होते. गयाबाईच्या कोंबड्या तर पिशवीतून मला चोच मारायला बघत होत्या. रोग असा निवडून माणसं, म्हणजे पक्षी, क्वचितच धरतो. निवड बहुतेक वेळा खाण्यातून होते.

परत किट चढवून मी जिवंत तिघांपाशी बसले. त्यांच्या चोचीतून चिकट लाळ गळत होती, पायांत बळ नव्हतं, मान थरथरत होती. एकाला हातात धरून मान खाली केली तर त्याने ओकारी काढली. गहू. अख्खे, न पचलेले, ओले गहू. मास्क असूनही वास आला. शेतावर फवारणीच्या दिवशी येतो तोच.

"मामा, अॅट्रोपिन."

अॅट्रोपिन आमच्या पेटीत कायम असतं. फवारलेलं गवत खाऊन गुरं आडवी झाली की त्याचंच इंजेक्शन देतो. कीटकनाशकाच्या एका जातीवर तो उतारा आहे. रोगावर त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे पक्षी सुधारला तर विष, नाही सुधारला तर मी पुन्हा शून्यावर. तिघांनाही टोचलं आणि बाभळीच्या सावलीत गोणपाटावर ठेवलं.

अर्ध्या तासाने एकाची लाळ थांबली. पाऊण तासाने त्याने मान उचलली आणि माझ्या ग्लोव्हला चावा घेतला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नसेल. दुसराही हळूहळू बसता झाला. तिसरा मात्र गेला.

गहू कुणाचे, हे विचारायची गरज नव्हती. तलाव आटत जातो तशी उघडी पडलेली जमीन शेतकरी हंगामापुरती कसायला घेतात. त्याला गाळपेरा म्हणतात. खत नको, फारसं पाणी नको, गाळातच सगळं असतं. गाळपेऱ्यातले मोठे शेतकरी उत्तमराव काठावरच उभे होते. मी त्यांना विचारलं.

"गव्हाला औषध चोळलं होतं?"

"चोळलं की. गाळात कुरतडणारी अळी लय असती. कोंब वर आला की कापूनच टाकती."

"हे औषध यंदा पहिल्यांदा?"

"न्हाई हो. दरसाली तेच औषध, तेच बियाणं. दुकानबी तेच." ते जरा चिडले. "मॅडम, आमी काय बदकांना मारायला पेरलं का?"

"तसं म्हटलं नाही मी. पण मग यंदाच का मेले?"

औषध दरवर्षीचं, पेरा दरवर्षीचा, हंसही दरवर्षीचे. मी त्यांच्या तुकड्यात शिरले. दोन दिवसांपूर्वी पेरलेलं रान. पेरणी म्हणजे नुसतं मुठीने फेकणं, कारण त्या गाळात तिफण चालत नाही, बैल पोटापर्यंत रुततात. बघते तर गहू सगळीकडे वरच पडलेला. टपोरा, ओला, चिखलावर चमकणारा. हंसांना वाढून ठेवलेलं ताट होतं ते.

"उत्तमराव, बी असं वरच राहतं का दरवर्षी?"

"कुठलं राहतंय! पेरलं की मेंढरं फिरवतो ना." ते सहज बोलून गेले. "बैल रुततो, माणसाच्या पायानं काय होत न्हाई. मेंढराचं खूर बारीक. दोनशे मेंढरं दोनदा फिरली की बी चार बोटं खाली जातंय. बिराजीच्या बापापासून त्यायचीच मेंढरं फिरत्यात. त्याला आमी पीक निघाल्यावर काड चारतो."

"मग यंदा?"

उत्तमरावांनी नुसतं पाटीकडे पाहिलं. मुंजाजीमामांनीही पाटीकडे पाहिलं आणि मग ते आईसबॉक्सचं झाकण पुन्हा पुन्हा नीट बसवायला लागले.

पाटी मार्चमध्ये लागली होती. तेव्हा त्या सालचा पेरा कधीच होऊन गेला होता. मेंढरांशिवायची ही पहिलीच पेरणी. हंसांना वाचवायला मी मेंढरं बाहेर काढली होती आणि मेंढरं नव्हती म्हणून हंस मेले. दर हिवाळ्यात काठावर बसून मी मेंढरांनी उडवलेला थवा बघितला, पण ती मेंढरं तिथे काय करत होती हे एकदाही विचारलं नाही. मला वाटलं चरत असतील. उघड्या गाळात मेंढरू काय चरणार, एवढंही पशुवैद्यक असून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

पण लाज वाटून घ्यायला वेळ नव्हता. दुपारचे साडेबारा झाले होते. मी साहेबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अॅट्रोपिनने पक्षी उठला, हे ठीक आहे," ते म्हणाले. "पण लॅबचा रिपोर्ट नाही. कागदावर तो भाग अजून संशयित आहे. आणि तुम्ही म्हणताय त्यात दोनशे मेंढरं घालू?"

"हो, सर. मेलेले पक्षी आम्ही चुना टाकून पुरतोय. गहू संध्याकाळच्या आत गाळाखाली गेला पाहिजे."

"आणि उद्या फ्लू निघाला तर?"

"तर जबाबदारी माझी."

"लेखी द्या."

"आत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवते. सहीचं पत्र उद्या."

साहेब माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त कागदाची भीती वाटायची. "पाठवा," ते म्हणाले. "आणि मी नको म्हटलं होतं, हेही त्यात लिहा."

आता राहिला बिराजी. तो घराच्या ओट्यावर बसलेला. साठीचा, उंच, अंगात बंडी, खांद्यावर घोंगडी. मी गेले तरी तो उठला नाही. त्याचं बरोबरच होतं.

"बिराजीमामा, मेंढरं पाहिजेत. उत्तमरावांच्या रानात फिरवायला."

"पाटी हाय न्हवं तिथं." त्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

"पाटी मीच लावायला सांगितली होती."

"ठाव हाय. फोटो बी बघितला तुमचा."

मी खाली ओट्यावर बसले. "चुकलं माझं. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं."

त्याने खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग म्हणाला, "त्या गव्हाला औषध हाय. बदकं मेली ती मेंढरं मरणार न्हाईत कशावरून?"

प्रश्न रास्त होता. त्याचं सगळं घर त्या दोनशे मेंढरांवर उभं होतं. मी सरळ सांगितलं. मेंढरू चिखलातला दाणा दाणा टिपून खात नाही, पण उपाशी असलं तर तोंड घालेल. म्हणून आधी पोटभर चारायचं, पाणी पाजायचं, आणि रानात उभं राहू द्यायचं नाही, चालतं ठेवायचं. बाहेर आल्यावर बोअरच्या पाण्याने खूर धुवायचे. "आणि पेटी घेऊन मी गाळात उभी राहते. शेवटचं मेंढरू बाहेर येईपर्यंत हलत नाही."

"माझा बाप बी असंच करायचा," बिराजी म्हणाला. "आधी चारायचा, मग फिरवायचा. त्याला कुणी डाक्टरनं सांगितलं न्हवतं."

दारातून गयाबाई बोलली, "जावा की आता. मॅडमनी मला शब्द दिलाय. तुमी न्हाई गेला तर कोंबड्या तुमच्या गळ्यात बांधीन."

बिराजीने काठी उचलली.

चारून-पाजून मेंढरं तलावात उतरली तेव्हा तीन वाजून गेले होते. पाटीपाशी आल्यावर बिराजी थांबला आणि माझ्याकडे वळून बघितलं. मी पुढे झाले आणि हाताने या म्हटलं. मग तो "हुर्र हाऽ" करत पुढे, मेंढरं मागे, दोन्ही बाजूंनी उत्तमराव आणि गावातली माणसं. दोनशे मेंढरांचे आठशे खूर त्या गाळात असा काही आवाज करत होते, की वाटावं मोठ्या परातीत कुणी कणीक तिंबतंय. एक फेरा, दुसरा फेरा, मग आडवा तिसरा. मी खाली वाकून बघत होते. चमकणारा गहू दिसेनासा होत होता. जिथे मेंढरं पोचली नव्हती तिथे माणसांनी दाणे हाताने वेचून पोत्यात भरले. दोन मेंढ्यांनी तोंडं खाली घातली, बिराजीने नावं घेऊन त्यांना अशा शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येत नाहीत. मेंढरं बाहेर आली, खूर धुतले. मी एकेकीचं तोंड बघितलं. एकीलाही काही झालं नव्हतं.

साडेपाचला हंस उठले. बेटावरून थवा निघाला, चक्कर मारली, आणि थेट उत्तमरावांच्या रानात उतरला. हंस गाळात चोची मारत पुढे गेले, थांबले, पुन्हा चोची मारल्या. हाती फारसं काही लागेना. मग पुढचा एक हंस काठावरच्या हिरव्या गवताकडे वळला आणि बाकीचे त्याच्या मागे गेले. अंधार पडेपर्यंत ते गवत खात होते. बरे झालेले दोघे आम्ही त्याआधीच पाण्याशी सोडले होते. त्यातला एक थव्यात मिसळलेला मला दिसला, निदान मला तसं वाटलं.

पहाटे मी पुन्हा गेले. गाळात एकही पक्षी पडलेला नव्हता. बिराजी माझ्या आधी येऊन बसलेला होता. मेंढरांचं आता काही काम नव्हतं, तरी तो हंस मोजत होता.

टीम आली, त्यांनी सगळं बघितलं, यादी केली, कोंबड्यांना हात न लावता गेली. पाच दिवसांनी रिपोर्ट आला. फ्लू नाही. पक्ष्यांच्या पोटातल्या गव्हात कीटकनाशक सापडलं. साहेबांनी फोन करून अभिनंदन केलं आणि अंतिम अहवाल लगेच पाठवा म्हणाले.

अहवालात एक रकाना असतो. "मृत्यूचे कारण." मी लिहिलं, "कीटकनाशक लावलेले बियाणे खाल्ल्यामुळे." ते खरं होतं, पण अर्धं खरं होतं, आणि त्या अर्ध्यात सगळा दोष उत्तमरावांवर जात होता. म्हणून खाली दुसरी ओळ लिहिली. "मेंढ्यांना मनाई केल्याने बियाणे गाळाखाली गेले नाही. मनाई खालील पत्रान्वये." आणि त्यापुढे माझ्याच पत्राचा जावक क्रमांक टाकला.

"हे कशाला, मॅडम?" साहेब म्हणाले. "कुणी विचारलंय का?"

"नाही विचारलं, सर. मीही कुणाला विचारलं नव्हतं."

पाटी काढली नाही, बदलून घेतली. आता तिच्यावर लिहिलंय की पेरणीनंतर मेंढ्या फिरवण्यास परवानगी आहे, एरवी नाही. मजकूर कार्यालयाला पाठवायच्या आधी मी तो बिराजीला वाचून दाखवला. त्याने डोळे मिटून ऐकला.

"बरोबर हाय," तो म्हणाला. "फक्त आधी चारून आणावीत, एवढं बी लिवा."

ते लिहिलं. फोटो मात्र या वेळी काढला नाही.